गाडीला कान लावणारे मामाजी

माझ्या बायकोच्या मामांइतका, म्हणजे आमच्या मामाजींइतका, रागीट माणूस वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर शोधून सापडणार नाही, आणि त्या रागाचा निम्मा वाटा एकट्या माझ्या गाडीने उचलला आहे. माणसं पोरांवर रागावतात, जेवणाला उशीर झाला म्हणून रागावतात. मामाजी आवाजावर रागावतात. उभा जन्म हातमागावर गेला. चार माग एकदम चालू असताना कोणत्या मागावर धागा तुटला हे ते पाठमोरे बसून सांगत. पुढे माग सुटला, कान मात्र राहिला, आणि तो आमच्या पवनीतल्या तमाम गाड्यांना लागला. रस्त्याने ट्रक गेला की हातातला घास तसाच धरून, "याचा एक नोझल मेला हाये, अन् हा बाबू गाणे लावून जाऊन राहिला!" असं म्हणत जेवण संपेपर्यंत त्या अनोळखी ड्रायव्हरवर धुमसणार. एका लग्नात नवरदेवाची सजवलेली गाडी सुरू होताना किंचाळली, तर यांनी वरात थांबवून बॉनेट उघडायला लावलं. वर चिकटवलेल्या झेंडूच्या माळा तटातटा तुटल्या. नवरदेवाची आई रडकुंडीला आली. "तुम्ही काहून रडता?" मामाजी गरजले, "बेल्ट रडून राहिला, त्याच्याकडे पाहा!"

माझी गाडी पंधरा वर्षांची. सकाळी मी चावी फिरवली की दोन गल्ल्या पलीकडून मामाजी बनियानवर हजर. हातात मागावरचा जुना लाकडी धोटा. त्याचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानाशी, आणि डोळे मिटलेले. मी काही बोलायला गेलो की, "जवाईबापू, तुम्ही बोलू नका. गाडी बोलून राहिली." गाड्यांबद्दलचं माझं ज्ञान पेट्रोलचं झाकण कोणत्या बाजूला आहे इथे संपतं, आणि तेही पंपावरचा माणूस हाताने दाखवतो, म्हणून मी गप्प. कटकट झाली तर बॅटरीचं टर्मिनल ढिलं, खर्रर झालं तर सेल्फचं गिअर, टिकटिक झाली तर ऑइल कमी. आणि दरवेळी ते बरोबर निघत, हा खरा ताप. बरोबर असलेल्या रागीट माणसावर धड रागावताही येत नाही.

चुकले ते एकदाच, आणि नेमके माझ्या मुलीच्या परीक्षेच्या दिवशी. नोकरीची परीक्षा, दोन वर्षांचा अभ्यास, केंद्र भंडाऱ्याला, साडेआठला गेट बंद. सातला मी चावी फिरवली आणि पुढून कुठून तरी खुळखुळ, खुळखुळ. मामाजी आले, धोटा लावला, म्हणाले, "आल्टरनेटरचं बेअरिंग गेलं. अशीच नेली तर बेल्ट तुटंल, पोरगी रस्त्यात उभी राहील."

"जाऊ द्या ना मामाजी, उशीर होऊन राहिला."

"कायले घाई करता? दहा मिन्टं!"

दहा मिनिटांत बेल्ट त्यांच्या हातात आला, पण परत बसेना. गंजलेल्या बोल्टाचे आटेच गेले होते. शेवटी पोरगी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर गेली. पोचली तेव्हा गेट लागलं होतं.

ती परत आली, चप्पल काढली आणि सरळ आत गेली. मामाजी अजून बॉनेटखालीच होते. आणि मी, ज्याला घरातली मांजरसुद्धा मोजत नाही, साऱ्या गल्लीसमोर ओरडलो, "तुमचा कान मेला मामाजी! मागासंगंच मेला! आता आमच्या दारात पाय ठेवू नका!" मामाजींनी कुठून तरी आणलेला बोल्ट घट्ट बसवला, हात पुसले, धोटा उचलला आणि चालू लागले.

आठवड्याने, खुळखुळ थांबेना म्हणून गॅरेजच्या मिस्त्रीने डॅशबोर्डखालचा एसीचा पंखा उघडला. भसकन ओंजळभर धान सांडलं. राइस मिलवर न्यायचं पोतं मी आळसापायी पंधरा दिवस गाडीतच ठेवलं होतं, आणि उंदराने पंख्यात आपलं कोठार भरलं होतं. चावीबरोबर पंखा फिरे आणि धान खुळखुळे. इंजिनावर टेकवलेल्या धोट्याला ते कुठून कळणार! घरी सांगितलं तेव्हा पोरगी परीक्षेनंतर पहिल्यांदा माझ्यावर भडकली, "पोतं तुमचं, उंदीर तुमचा, अन् बोलणं आजोबाले?"

परवा सकाळी गाडी घेऊन मामाजींच्या दारासमोर गेलो. माफीची वाक्यं पाठ केली होती, ती ऐनवेळी विसरलो. म्हणून गाडी बंद केली आणि पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. खिडकीत मामीजी आल्या, गेल्या. दार बंदच. मलाच माझा राग येऊ लागला. सातव्यांदा चावी फिरवली तेव्हा आतून गर्जना झाली, "जवाईबापू, काहून त्या सेल्फचा जीव घेऊन राहिले? आवाज साफ हाये!"

मी उतरलो आणि ओट्यावर, बंद दाराशी बसलो. "मामाजी, पंख्यात धान होतं. पोतं माझंच होतं."

आत पावलं वाजली. मग दाराच्या अगदी जवळून आवाज आला, "अन् मले बेअरिंग वाटलं."

मामाजींना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी दार उघडून मला चारचौघांत चांगलं झापावं म्हणून मी कितीतरी वेळ तिथेच बसून राहिलो.