बशीतला चहा

सासरच्या दोन पिढ्या सरकारी नोकरीत आणि शिक्षकी पेशात गेलेल्या. विद्यानगरच्या त्या घरात जिकडेतिकडे पुस्तकांची कपाटं, आणि हुशारी आपल्या रक्तातच आहे अशी सगळ्यांची खात्री. मी खेड्यातल्या शेतकरी घरातून आलेली. त्यामुळे माझी मुलगी चार वर्षांची होऊनही रंग ओळखेना, बसल्या जागी मलूल पडून राहू लागली, तेव्हा दोष कुणाच्या माहेराकडे जाणार हे ठरलेलंच होतं.

"आमच्या खानदानात असं मंद कुणी निपजलं नाही," सासूबाई म्हणायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण खरं सांगते, आतून मलाही तसंच वाटायला लागलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

देशाचा बाजार नुकताच जगाला खुला झाला होता. गल्लोगल्ली इंग्रजी शाळा निघत होत्या, आणि त्यातल्या एकीनं मुलाखत घेऊन मुलीला परत पाठवलं. नवऱ्यानं सुलतान बाजारातून टीव्हीवरच्या जाहिरातीतली दुधात घालायची पावडर आणली. हुशार दिसत होतं ते फक्त डब्यावरचं मूल.

शेवटी नामपल्लीला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मुलीची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली आणि दिवसभर काय खाते ते विचारलं. मी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ आजोबांच्या बशीतला चहा आणि बिस्किटं, मग जेवायला भूकच नसते.

"बच्ची को चाय कायकू पिलाते जी?" त्या तिथल्या दखनी बोलीत म्हणाल्या. रक्त फार कमी होतं. चहानं पोट भरतं आणि अन्नातलं लोह अंगी लागत नाही. अशी मुलं सुस्त राहतात, त्यांचं कशात लक्ष लागत नाही. घराण्याची चौकशी त्यांनी केलीच नाही.

आता हे मामंजींना सांगायचं कसं? निवृत्त शिक्षक, घरात दिवसभर चार शब्द न बोलणारे. पण चहात बुडवलेलं बिस्किट गळून पडायच्या आत नातीच्या तोंडात घालताना ते हसायचे. तेवढंच त्यांचं हसणं. मी चहा गाळता गाळता, त्यांच्याकडे न बघता सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून, उभ्यानं चहा पिऊ लागले. मग बाहेर येऊन नातीपुढे शेंगदाणे आणि गूळ घेऊन बसायचे. नुसतं बसून काय करणार, म्हणून दाणे मोजायला लागले, गोष्टी सांगायला लागले. डॉक्टरीणबाईंनी दिलेले लोहाचे थेंब चालूच होते. माझ्या माहेरची भाकरी आणि अंबाडीची भाजी त्या घरात शिरली. सासूबाईंनी नाक मुरडलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली.

वर्षभरानं त्याच शाळेनं तिला घेतलं. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "अखेर आजोबांवरच गेली हो." मामंजी आत माझ्याजवळ कप घेऊन उभे होते. तेही मान डोलावतील असं मला वाटलं.

"इतकी वर्षं लोकांची मुलं शिकवली मी," ते ओट्याकडे बघत म्हणाले. "आणि हिला माझ्याच हातानं... बोलणी मात्र तू खाल्लीस, बाळ."

अर्धा चहा तसाच ठेवून ते बाहेर गेले.