हसू ऐकू येईपर्यंत

नंदे, ये अशी जवळ बस. आणि फोनवर माझ्यामागून किंकाळ्या ऐकू आल्या की खिदळतेस ना, ते आधी बंद कर बाई.

आमच्या गॅलरीसमोर पार्कातला तो मनोरा आहे. माणसांना खुर्चीत बांधून वर नेतात आणि एकदम खाली सोडतात. नवा होता तेव्हा लालभडक होता, गावोगावच्या सहली यायच्या. पडताना सगळे किंचाळायचे, खाली टेकले की हसायचे. आम्हाला इतकी सवय झाली की कुकरच्या शिट्टीकडे लक्ष जाई, त्या किंकाळीकडे नाही.

मग एका दुपारी दोर तुटला. किंकाळी रोजच्यासारखीच आली. शेजारच्या शेवंताबाई माझ्याबरोबर पापड वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "बोंबला मेल्यांनो, हौसेनं चढलात ना!" त्याच फेरीत त्यांचा धाकटा होता. गेला.

मनोरा बरीच वर्षं गंजत उभा राहिला. पुढे नवा मालक आला, निळा रंग आला, नवं नाव आलं. किंकाळी मात्र जुनीच. मला वाटतं, आनंदाला आणि मरणाला देवानं वेगवेगळा आवाज द्यायला हवा होता.

आता प्रत्येक किंकाळीला शेवंताबाई हातातलं काम टाकून गॅलरीत येतात, कठडा धरून उभ्या राहतात. कान कमी झालेत त्यांचे. किंकाळी पोचते, मागचं हसणं पोचत नाही. मी "हसले हो, चला" म्हटलं की मगच आत जातात.

म्हणून मला तुझ्याकडे येणं जमत नाही गं. तूच अशी पुन्हा ये, लवकर ये.