समुद्राच्या गाळाचं वरचं टोक

माधवभाऊजी गेल्याची खबर घेऊन मलकापूरहून माणूस आला तेव्हा मी अंगणात बाजेवर कुरडया घालत होते. ऐकलं, आणि तोंडातून पहिला शब्द निघाला तो "सुटले". शेजारच्या काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दिराच्या मरणासाठी नवस केला होता. पण पोटाच्या दुखण्यानं त्यांना दिवाळीपासून अंथरुणाला खिळवलं होतं, शेवटी पाण्याचा घोटही टिकत नव्हता. ते मी पाहिलं होतं, काकूंनी नाही. आता महिना उलटून गेला. रडूनही झालं. तरी मनात दुःखापेक्षा सुटकाच जास्त आहे, आणि ती का, हे सांगायचं म्हणून लिहायला बसले. माधवभाऊजी त्याआधीही एकदा सुटले होते, आमच्या वरवट बकालच्या घरात, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ते यांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत जायचे, माझ्या ताटातली चटणी पळवायचे, आणि मी ओरडले की "वयनी, तुमी तिखट कमी खात जा, जीभ आधीच तिखट हाये," म्हणायचे. पुढे मुंबईला भूगर्भशास्त्र शिकले आणि तिथेच प्राध्यापकांच्या हाताखाली राहिले. कुठल्याशा परदेशी जहाजानं भर समुद्रात लोखंडी नळी खोल सोडून तळाच्या गाळात खुपसली होती. नळी वर काढली की आत गाळाचा लांब दंडगोल मिळतो, वर नवा गाळ आणि खाली जुना. त्यातला एक त्या प्राध्यापकांना मिळाला होता. मग लढाईची धास्ती वाढली, मुंबई रिकामी होऊ लागली, आणि प्राध्यापकांनी तो गाळ भाऊजींच्या हवाली केला. गावी ने आणि तिथेच वाच, म्हणाले. हे ऐकून आमच्या घरातल्यांनी तोंडात बोटं घातली. हे तर म्हणाले, "लोक डोंगर पोखरून उंदीर काढतेत. यानं समुद्र पोखरून चिखल आनला."

चिखल लाकडी पेटीतून आला, दोन तुकड्यांत, मेणकापडात गुंडाळून. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला चिठ्ठी बांधलेली. मलकापूरच्या फलाटावर शिपायानं पेटी अडवली. लढाईचे दिवस, त्याला वाटलं दारूगोळा असेल.

"काय हाये यात?"

"समुद्राच्या तळाचा गाळ."

"चिखल? चिखल आनाले मुंबईले जा लागते काय? मलकापुरात काय कमी हाये?"

त्यानं दोन्ही तुकडे सोडून, हुंगून, बोट लावून पाहिले. चिठ्ठ्या फलाटावर पडल्या. भाऊजींनी संतापाच्या भरात त्या पुन्हा बांधल्या आणि बंडीत बसून घरी आले. त्या शिपायाची नक्कल ते इतकी हुबेहूब करायचे की सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

धान्याची खोली गार म्हणून त्यांनी ती मागून घेतली. गाळाचा इवलासा काप काढायचा, तलम फडक्यातून धुवायचा, फडक्यावर उरेल ते वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. एकदा मलाही दाखवलं. साध्या डोळ्यांना बारीक रवा दिसत होता, आणि काचेखाली शंखच शंख, एकेक कोरून काढलेला. भाऊजी म्हणाले, हे जीव समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगतात, मेले की त्यांची कवचं तळाशी साचतात. काहींना ऊन पाणी मानवतं, काहींना थंड. कोणत्या थरात कोणाची गर्दी, ते पाहिलं की त्या काळी दुनिया गारठलेली होती की नाही, ते कळतं.

"तवा धरतीच्या उत्तर अंगाले बर्फच बर्फ होता, वयनी."

"वरवटले बी?"

"इथं नाई. पर समुद्राले त्याची खबर लागली होती."

मला ते फार आवडलं होतं. आपल्याकडे कुठे काही घडलं की आधी पारावर खबर लागते, तसंच की हे.

त्यांना दिसलं ते असं. वर ऊबेचा फिकट गाळ, खाली थंडीचा काळपट. मग दुसऱ्या तुकड्यात परत फिकट आणि परत काळपट. म्हणजे थंडी एकदा नाही, दोनदा आली होती. त्यांनी निबंध लिहून मुंबईला धाडला. प्राध्यापक खूश. विद्वानांच्या सभेत तो ते स्वतः वाचणार होते, आणि पाठोपाठ भाऊजींना कॉलेजात कायमची जागा. आमच्याकडे पेढे वाटायचंच काय ते बाकी होतं.

आणि मग भाऊजींचं जेवण सुटलं. निबंधातल्या चित्राची नक्कल करताना त्यांच्या लक्षात आलं की गाळाचा रंग सगळीकडे हळूहळू बदलतो, फक्त दोन तुकड्यांच्या सांध्याशी एकदम बदलतो, धोतराला लुगड्याचं ठिगळ लावावं तसा. वरच्या तुकड्याचं वरचं टोक मऊ होतं, त्यामुळे ते ओळखू येत होतं. खालच्याची दोन्ही टोकं सारखी. फलाटावर चिठ्ठी चुकीच्या टोकाला तर बांधली नाही? बांधली असेल तर तुकडा उलटा, दोन्ही काळपट थर मिळून एकच, म्हणजे थंडी एकदाच आली, आणि निबंध खोटा. आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली, पण आठवत काही नव्हतं... हे शेवटी वैतागले.

"काऊन बे जीव जाळून राह्यला? समुद्राच्या तळाशी जाऊन कोन पाह्यते?"

"कोनी नाई पाह्यत, दादा. पर मले तं मालूम हाये ना, का मले मालूम नाई!"

  सभा जवळ येत होती, आणि घरात कुणी आजारी असल्यासारखे आम्ही हळू आवाजात बोलत होतो.

उन्हाळ्यात आमच्या शेतात नवी विहीर खणत होते. आमच्या पट्ट्यात विहीर म्हणजे आधी पाणी लागेल का ही चिंता, आणि लागलं तर ते खारं निघेल ही. मी न्याहारी घेऊन गेले, भाऊजींना बळेच सोबत नेलं. ते काठाशी बसले आणि खणलेल्या भिंतीकडे बघत राहिले. वर काळी माती, खाली पिवळी. पिवळीत वरपासून खालपर्यंत काळ्या रेघा. त्यात नवल काय? उन्हानं जमीन भेगाळते, आणि वरची काळी माती भेगेत पडते, शेतकऱ्याच्या पोराला हे काय सांगायचं. पण भाऊजी एकदम उठले.

"वयनी! वरचं खाली पडते. खालचं कदी वर पडत नाई!"

आणि भाकर तशीच टाकून घराकडे पळत सुटले. मी मागे धापा टाकत पोचले तेव्हा त्यांनी खालचा तुकडा उभा चिरला होता. समुद्राच्या तळाशी किडे गाळात बिळं करतात, म्हणाले, आणि बिळं भरतात ती वरच्या गाळानं. फिकटात काळे ठिपके असतील तर काळा थर वरचा. काळ्यात फिकट असतील तर फिकट वरचा. त्यांनी भिंग धरलं. मी श्वास धरला. फिकट गाळात काळे ठिपके होते, ढीगभर. काळ्यात फिकट एकही नव्हता. पण चिठ्ठी बांधलेली होती फिकट टोकाला.

"उलटं हाये, वयनी! सारं उलटं हाये!"

माणूस आपलं लिहिलेलं खोटं ठरलं म्हणून इतका हसतो, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. डोळ्यांतून पाणी, आणि हसू काही थांबेना. निबंध मागे घ्यायला त्याच दिवशी तारेसाठी माणूस पिटाळला. मग डब्यातला गूळ मागितला, आणि घरात, ओसरीवर, विहिरीवरच्या माणसांना, मुलगा झाल्यासारखा वाटत फिरले. "काय खुशखबर, मालक?" कोणी विचारलं की म्हणायचे, "मी चुकलो होतो, ते माह्यं मीच धुंडलं." त्या दिवशी जेवले आणि लहान पोरासारखे गाढ झोपले.

प्राध्यापक नाराज झाले, जागा दुसऱ्या कोणाला गेली. लढाई संपल्यावर गाळ मुंबईला परत गेला, आणि भाऊजी मलकापूरच्या शाळेत मास्तर झाले. मला वाईट वाटलं, त्यांना नाही. वर्गात मात्र गुळाचा डबा ठेवला. जो पोरगा स्वतःची चूक स्वतः शोधून सांगेल त्याला खडा. हेडमास्तर म्हणे मुंगळ्यांबद्दल कुरकुरत. घरी आले की तोच कायदा आम्हालाही लागू. सासूबाईंनी खाल्ला, मी कितीदा खाल्ला. एकट्या यांनी आजवर कधी घेतला नव्हता. हे चुकतच नाहीत ना!

परवाची गोष्ट. यांचा विळा सापडेना. नाम्याला, आमच्या सालदाराला, हे चारचौघांत नको ते बोलले. तो बिचारा मान खाली घालून गेला. संध्याकाळी मी चुलीपाशी भाकरी थापत होते, तर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. 

"इळा माह्याच बंडीत होता," म्हणाले. "नाम्याच्या घरी जाऊन आलो. त्याले सांगतलं, माह्यं चुकलं."

मी काही म्हणणार, तोच त्यांनी हात पुढे केला... तळवा वर करून, शाळेतल्या पोरासारखा. डोळे भरले होते. मी पिठाच्या हातानंच डबा उघडला आणि त्यातला सगळ्यात मोठा खडा दिला.