ज्या सनईला मी हसलो

एका मित्राच्या घरात बसून, त्याच्या आईसमोर, मी त्याने निवडलेल्या गाण्याची टिंगल केली. बाकीचे हसले आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यानेच मला नंतर सगळ्यात जास्त छळलं. जीभ घसरली असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो, पण ते खरं नाही. वाक्य तोंडात तयार होतं, बोलावं की नाही असा क्षणभर विचारही आला होता, आणि मग मी ते बोललो होतो.

हा मित्र माझ्या कल्याणच्या कॉलेजातला. घर डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. तिथले मूळचेच लोक ते. आजोबांपर्यंत भातशेती आणि मिठागरावरचं काम, पुढे जमिनीला भाव आला, एका तुकड्यावर चाळी उभ्या राहिल्या आणि एकावर लग्नाचा हॉल. हॉल तो स्वतः सांभाळायचा. आम्ही कोकणातून आलेले, वडील कारकून, दोन खोल्यांचं भाड्याचं घर. गाणं आमच्याकडे रेडिओतून आलं. त्याच्याकडे कुठून आलं ते मी कधी विचारलंच नाही. कॉलेजात असताना मी त्याला एका मैफलीला घेऊन गेलो होतो, तेवढ्यावरून त्याचं गाणं म्हणजे माझीच देणगी असं मी धरून चाललो होतो.

पुढे नोकऱ्या लागल्या, संसार झाले, आणि त्याच्या घरी रविवारची बैठक सुरू झाली. आम्ही पाच-सहा जण संध्याकाळी तिथे जमायचो आणि रेकॉर्डिंग ऐकायचो. खालच्या मजल्यावरची मोठी खोली, जमिनीवर गाद्या, कोपऱ्यात त्याने हौसेने घेतलेले भारी स्पीकर. दर रविवारी एकाने काय ऐकायचं ते ठरवून आणायचं आणि बाकीच्यांनी शेवटपर्यंत मधे बोलायचं नाही, असा आमचा नियम होता. नंतर चहा, त्याच्या बायकोने केलेलं काहीतरी गरम, आणि मग तासभर वाद.

आम्ही निवडून काय आणायचो, तर जे दुसऱ्याने ऐकलेलं नसेल ते. कुठला तरी अनवट राग, विहिरीतून आल्यासारखा आवाज असलेलं जुनं रेकॉर्डिंग. मी तर दिवेलागणीला मारवा लावायचो आणि तो पूरियापेक्षा वेगळा कसा, यावर बोलत सुटायचो. मित्र दाराजवळ बसायचा, पाण्याचे ग्लास भरायचा, आवाज कमी-जास्त करायचा. मला तो ‘पंडित’ म्हणायचा. त्यात थोडी थट्टा होती, पण कौतुकही होतं, आणि मला ते आवडायचं. निवडायची पाळी मात्र त्याच्यावर कधी आली नाही. त्याने मागितली नाही आणि आम्ही दिली नाही. इतकी वर्षं त्याच्या घरी खाल्लं-प्यायलं, पण तुला काय ऐकायला आवडतं, एवढं विचारणं कुणाला सुचलं नाही.

एका रविवारी ज्याची पाळी होती तो आलाच नाही. तेव्हा मित्र म्हणाला, आज मी लावतो, चालेल ना? आई पण बसते म्हणतेय.

त्याची आई तोपर्यंत आम्हाला आतल्या खोलीतल्या खोकल्यावरूनच ठाऊक होती. गुडघे गेलेले. भिंतीला धरून त्या बाहेर आल्या. खाली बसता येत नव्हतं म्हणून त्यांना खुर्ची दिली. आपण वर आणि ही शिकलेली माणसं खाली, याचा त्यांना इतका संकोच झाला की अंग चोरून त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. संध्याकाळ झाली की त्यांना घाबरल्यासारखं व्हायचं, छाती धडधडायची. मग तो त्यांच्यासाठी काही ठरावीक गाणी लावायचा. आज तीच आणली होती.

पहिली बासरी होती, पहाडीतली धून. मग एक दादरा, कुणा बाईंच्या भरदार आणि खेळकर आवाजातला. मग सनई. त्याच्या आईचा हात खुर्चीच्या दांड्यावर हळूहळू आपटत होता. तालात नव्हता, पण मजेत होता. मला आठवतंय, सनई सुरू झाली तशा त्या पहिल्यांदा खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या.

आणि मी नियम मोडून बोललो, “अरे, ही बैठक आहे की तुझा लग्नाचा हॉल? आता पंगत बसव, मसालेभात येऊ दे.”

सगळे हसले. मग त्याची आई त्याच्याकडे बघून म्हणाली, “काय बोल्ला रं त्यो?”

“काय नाय गो आय,” तो म्हणाला. “सनई बरी हाय, बोल्ला.”

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. सनई त्याने संपू दिली. अजून बरंच काही काढून ठेवलेलं होतं, पण आजच्यापुरतं एवढंच, असं म्हणून त्याने दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगितलं आणि आईला धरून आत नेलं. त्या संध्याकाळी वाद नेहमीसारखाच रंगला. भजी होती, मी पुन्हा मागून घेतली.

त्यानंतर तो माझ्याशी वेगळं वागला असं म्हणता येणार नाही. बैठक काही रविवार चालली. मग हॉलचं काम वाढलं, मग आईची तब्येत, मग लॉकडाऊन. सगळं उघडल्यावर कुणी विषय काढला नाही. मी तोवर ठाण्याला खोपटजवळ राहायला गेलो होतो. माझ्याकडे जमूया म्हणून दोनदा प्रयत्न केला. माणसं आली, मोबाइल बघत बसली. त्या खोलीतलं काहीतरी माझ्या घरात येत नव्हतं. दर रविवारी दुपार कलली की मला आपोआप चप्पल शोधावीशी वाटायची, आणि मग लक्षात यायचं की आता कुठे जायचं नाही.

मागच्या वर्षी माझं ब्लडप्रेशर फार वाढलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, मीठ कमी करा, आणि संध्याकाळी अर्धा तास नुसते बसा. मन शांत होईल असं काहीतरी ऐका. मी मनात हसलो. ऐकणं म्हणजे माझाच प्रांत.

पहिल्या संध्याकाळी सवयीने मारवा लावला. थोड्या वेळाने माझे खांदे कानांपर्यंत चढले होते. मारवा वाईट नाही, पण तो दिवेलागणीची हुरहुर घेऊन येतो आणि षड्जावर नीट टेकू देत नाही, आणि मला तर टेकायचं होतं. दुसऱ्या दिवशी दरबारी. त्या भारदस्तपणाखाली मी दबून गेलो. मग वाटलं, आनंदी हवं तर द्रुत लावावं. तर गवयाच्या प्रत्येक तानेबरोबर मीच धापा टाकत होतो, आता समेवर येतो की नाही म्हणून. बायको शेजारी भाजी निवडत होती. ती म्हणाली, “तू गाणं ऐकतोयस की पेपर तपासतोयस?”

खरं तर मी आयुष्यभर पेपरच तपासत आलो होतो.

मग मी शोधायला लागलो. इतक्या वर्षांचा संग्रह, आणि त्यात नुसतं सोबतीला बसेल असं काही सापडेना. संथ म्हणजे शांत नाही, हे मला या वयात कळलं. काही संथ गाणी छातीवर बसतात. काही गोड असतात, पण ती गोडी रडवेली असते. मला हवं होतं असं, की ज्यात सूर घरी परतायची वाट माहीत असल्यासारखा चालतो, वाटेत थोडा रेंगाळतो, आणि गाणाऱ्याला काहीही सिद्ध करून दाखवायचं नसतं. देस थोडा जमला. खमाज जास्त जमला. वाद्यांत बासरी, पण आलापाची नाही, धूनच. आणि एका संध्याकाळी पहाडीतली ती धून लागली आणि माझा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला.

हात थांबवून मी तसाच बसून राहिलो.

ही निवड मी करत नव्हतो. ती माझ्यासमोर कधीच करून ठेवली होती, क्रमानेसुद्धा. बासरीने श्वास लांबतो, मग दादऱ्याने थोडं हसू येतं, मग सनई. घाबरलेल्या माणसाला टप्प्याटप्प्याने खाली उतरवावं तशी. मित्राने ते आईला बघून बघून जुळवलं असणार. सनईच्या पुढे काय होतं ते मला ठाऊक नाही, कारण तिथेच मी त्याला थांबवलं होतं. रोज संध्याकाळी मी तिसऱ्यापर्यंत यायचो आणि पुढे रिकामं. त्या रिकाम्या जागेत मला तो मित्र इतका आठवायचा, की गाणं राहू दे, नुसतं त्याने दाराजवळ बसून ग्लास भरावेत असं वाटायचं.

फोन करायला मला आणखी बरेच महिने लागले. त्याने सहज उचलला. जुनं घर पाडलं होतं, टॉवर होत होता, तोवर ते शहाडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये होते. ये की, म्हणाला.

मी रविवारीच गेलो. कल्याणहून रिक्षा केली. पूर्ण रस्ता मी वाक्यं जुळवत होतो आणि एकही धड होत नव्हतं.

“या पंडित,” त्याने दार उघडलं. केस पांढरे झाले होते. चहा झाला. बिल्डर किती रखडवतोय, पार्किंग कुणाला मिळणार, हॉल आता मुलगी कशी बघते, सगळं झालं. भारी स्पीकर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवले होते. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तो उठून आणखी चहा आणायला निघाला तेव्हा मी म्हणालो, बस जरा, मला बोलायचंय. आणि सनईचं बोललो. अडखळतच.

त्याने हात झटकला. “ते व्हय? अरे जाऊ दे रे. किती वर्षं झाली. मी विसरलेलो.”

मी म्हटलं, मी नाही विसरलो.

मग तो बाहेर गॅलरीकडे बघत म्हणाला, “आय पन नाय विसरली.”

मला वाटलं होतं, त्यांना काही कळलं नाही. त्याने सांगितलं, की तिला सगळं ऐकू गेलं होतं. तो म्हणाला, मी काय सांगतो ते बघायला तिने मुद्दाम विचारलं होतं. मी खोटं बोललो, आणि ती ते खरं मानल्यासारखी तुझ्याकडे बघून मान हलवून मोकळी झाली. पुढच्या रविवारी तुम्ही यायच्या आधी म्हणाली, माझ्या खोलीचं दार लोटून घे, आपल्या गाण्याचा लोकांना त्रास होतो. त्यानंतर घरात पाहुणं असलं की तिने काही लावू दिलं नाही. आम्ही दोघंच असलो तरच. तेही आवाज बारीक करून.

हे सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी त्याची माफी मागायला लागलो, तर तो म्हणाला, “मला कशाला? जा ना आत. जागी हाय ती.”

आत त्याच्या आई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, खूप लहान झालेल्या. मला निरखून बघितलं आणि म्हणाल्या, “तू त्यो ना, बिनसाकरंचा चाय पिनारा? बस.” बसायला खुर्ची होती. मी खाली, पलंगाच्या पायथ्याशी बसलो. मित्र दारात उभा होता.

“काकी,” मी म्हणालो, “तुमच्या घरात बसून मी तुमच्या सनईला हसलो. ती मला तेव्हा ऐकूच आली नव्हती, मी फक्त स्वतःला ऐकत होतो. माझ्यामुळे तुमच्या मुलाला तुमच्याशी खोटं बोलावं लागलं आणि तुम्हाला तुमच्याच घरात आवाज बारीक करावा लागला. माझं चुकलं. मला माफ करा.”