पाय असलेली अक्षरं

उस्मानाबादच्या स्टँडमागच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्या विरुपाक्षला इंग्रजी येत नव्हतं. तरी इंग्रजीचं पानच्या पान तो बिनचूक जुळवायचा, कारण अक्षरं तो पायांवरून ओळखायचा. हैदराबादहून आलेल्या जुन्या टाइपात अक्षराच्या प्रत्येक उभ्या खांबाला खाली-वर बारीक पाय होते. एक रेघ जाड, दुसरी नाजूक. ओळ कशी जमिनीवर उभी राहायची.

बासष्ट साली मालक गोपाळकृष्णरावांनी मुंबईहून नवा टाइप आणला. बिनपायाचा, सगळीकडून सारखाच जाड. जाहिरातीला, दुकानाच्या नावाला तो विरुपाक्षलाही आवडला. पण वकील विष्णुपंतांनी म्हाताऱ्या शेतकरी लिंबाजीच्या जमिनीच्या हायकोर्टातल्या अपिलाची साठ पानं त्याच टाइपात मागितली, तेव्हा विरुपाक्षच्या कपाळाला आठ्या पडल्या. खटल्यात लिंबाजीच्या कागदांना साधे इंग्रजी आकडे होते, त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या भावकीच्या कागदांना रोमन. नव्या टाइपात साधा एक म्हणजेही नुसता दांडा आणि रोमन एक म्हणजेही नुसता दांडा. साधे अकरा आणि रोमन दोन यांत तर काडीचा फरक नव्हता.

तो प्रूफ घेऊन वकिलांकडं गेला.

"साहेब, ह्यात आपला कागद कंचा अन् त्यांचा कंचा, कळंना. जुन्या टाइपात घेऊ की. पायांमुळं फरक दिसतो."

"तुला इंग्रजी वाचता येतं?"

"न्हाय."

"मग ज्याला येतं त्याला कळेल. मुंबईत आता असंच छापतात."

मालकही म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणतं तसं कर. उगं डोकं लावू नको."

विरुपाक्ष कानडीत काहीतरी पुटपुटला आणि दातओठ खात साठही पानं त्यानं तशीच जुळवली.

पुढं लिंबाजी एसटीनं सोलापूरला, तिथून रेल्वेनं मुंबईला गेला आणि सुनावणी न होताच परतला. कुठला कागद कुणाचा, इथंच कोर्टाचं अडलं होतं. नीट छापून आणा म्हणाले, तारीख पाच महिने पुढं. तो तडक छापखान्यात आला.

"वकील म्हणत्यात, छापखान्यानं घोळ केला. तुमीच का ते?"

विरुपाक्षच्या अंगाची लाहीलाही झाली. त्यानं दोन्ही टाइपांमधला रोमन एकचा एकेक खिळा काढला आणि शाई लावून कागदावर उमटवला. म्हाताऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

"ह्याला पाय हाय, ह्याला न्हाय," लिंबाजी म्हणाला.

"मी एवढंच सांगत होतो."

"मग ऐकलं का न्हाय त्यांनी?"

विरुपाक्षनं दोन्ही खिळे पुसून परत आपापल्या खान्यात टाकले.

साठ पानं पुन्हा जुळवायची ठरली, जुन्या टाइपात. खिळे झिजलेले, त्यातही कमी. चार पानं छापायची, खिळे मोकळे करायचे, त्यांतूनच पुढची चार जुळवायची. त्याला तीन आठवडे लागले. गठ्ठा न्यायला विष्णुपंत स्वतः आले नाहीत, कारकून आला.

"साहेबांचा निरोप आहे," तो म्हणाला, "या वेळी तरी चूक नको."

विरुपाक्षनं हातातला खिळे उचलायचा चिमटा टेबलावर आपटला आणि तो उठून बाहेर गेला. दिवसभर परत आला नाही.