नोनोंच्या भाषेतलं पत्र

नोनो पाच भाषांत भांडू शकत, पण स्वतःशी बोलताना सहावीच वापरत. हायडेलबर्गच्या आमच्या इन्स्टिट्यूटच्या तळघरात बॉयलरला कोळसा घालणं हे त्यांचं काम. मध्येच फावडं टेकवून ते डोळे मिटत आणि काहीतरी पुटपुटत. कोणती भाषा, असं विचारलं की म्हणत, "आमची." एड्रियाटिक समुद्राकाठी इस्त्रिया नावाचा मुलूख आहे, तिथल्या मोजक्या खेड्यांत ती बोलतात. विद्वान तिला इस्त्रो-रोमानियन म्हणतात. नोनोंना ते नाव मुळीच पसंत नव्हतं. नोनो म्हणजे तिकडचे आजोबा. त्यांचं खरं नाव कुणी वापरतच नसे.

मी पुण्याहून आलेला, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करणारा. एकोणीसशे साठच्या थोडी आधीची ती वर्षं. अक्षर चांगलं म्हणून भाषाशास्त्राच्या प्रोफेसरांनी मला तासांवर कामाला ठेवलं होतं. नोनो गोष्टी सांगत, प्रोफेसर टिपून घेत आणि मी त्या कार्डांवर सुवाच्य उतरवून काढत असे. या भाषेची लिहिण्याची ठरलेली पद्धतच नव्हती. कुणी ती इटालियन वळणाने लिही, कुणी रोमानियन, कुणी क्रोएशियन. आमच्या प्रोफेसरांनी स्वतःची चौथी काढली होती. अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी नुसत्या खुणाच खुणा. मला उच्चार पाठ झाले, अर्थाच्या वाटेला मी गेलो नाही. एकदा नोनोंनी एक कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "आल्झो, म्हणजे हे मी बोललो? माझ्या शब्दांवर माश्या बसल्यात की!" आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत.

त्यांची थोरली बहीण गावीच होती. युद्धानंतर "कोळसा विकून येतो" असं तिला सांगून नोनो घराबाहेर पडले, ते थेट सीमेपलीकडे. अंथरुणाला खिळलेली आई त्यांनी बहिणीच्या गळ्यात टाकली होती. आई गेली, तेव्हाही ते इथेच होते. इतक्या वर्षांत बहिणीला एक ओळ नाही. आणि आता गावाकडून आलेल्या कुणीतरी सांगितलं होतं, ती फार खंगलीय.

"अहो, मग इटालियनमध्ये लिहा की," मी म्हटलं. शाळेत दोन वर्षं ते तेवढंच शिकले होते.

"इटालियनमध्ये मी सरकारला अर्ज केलेत. बहिणीची माफी मागायची ती आमच्याच भाषेत."

बहिणीला वाचता येत नव्हतं. तिचा नातू वाचून दाखवणार, आणि त्याला शाळेत क्रोएशियन अक्षरं शिकवलेली. ती नोनोंना येत नव्हती; मला कार्डांच्या कामामुळे येत होती.

मग मीच पुढे सरसावलो. ते बोलले, मी देवनागरीत भराभर उतरवलं. आपली बाराखडी त्या भाषेला बऱ्यापैकी बसली. त्यावरून नातवाच्या अक्षरांत नक्कल केली. अर्ध्या दिवसाचं काम. "झालं ना? टाक पेटीत," नोनो म्हणाले. पण दोन-तीन आवाजांना त्या अक्षरांत जागाच नव्हती, आणि चूक असलेला कागद हातून सुटू देईल तो पुणेकर कसला! मी म्हटलं, प्रोफेसरांना दाखवून घेतो. प्रोफेसर परिषदेसाठी व्हिएन्नाला गेलेले. नोनो रोज विचारत, "गेलं?" मी म्हणे, "चुका राहतील हो." एकदा ते भडकले. "ती सत्तरीची म्हातारी आहे. तुझी परीक्षा घेणार आहे का ती?" तरी ते पत्र तीन आठवडे माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. प्रोफेसरांनी परतल्यावर दोन खुणा बदलल्या. फक्त दोन.

उत्तर आलं, नातवाने त्याच अक्षरांत लिहिलेलं. नोनो हात धुऊन, कोट चढवून वर आले. "वाच."

मी वाचायला लागलो, शाळेत धडा वाचावा तसा खणखणीत. अर्थ कळत नव्हता, पण कुठे अडत नव्हतो, म्हणून स्वतःवरच खूश होतो. मध्येच त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. मी थांबलो नाही. शेवटपर्यंत वाचलं आणि वर विचारलं, "बरोबर वाचलं ना?"

"गेनाऊ," नोनो म्हणाले. "अगदी बरोबर. एकेक अक्षर."

मग खुर्चीत बसून त्यांनी जर्मनमधून सांगितलं. बहीण गेली. पत्र पोचलं त्याच्या आठ दिवस आधी. शेवटपर्यंत शुद्धीवर होती.

"तीन आठवडे," माझ्या तोंडून निघालं.

"जा," ते म्हणाले. हो, एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्याकडे पाहायचीही लाज वाटली. मी पत्र घडी करून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलगडलं, थोडा वेळ अक्षरांकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवलं.

"परत वाच. सावकाश."

आता मी काय वाचतोय ते मला ठाऊक होतं. पहिल्याच ओळीला माझा आवाज फुटेना. नोनो समोर बसून राहिले, मी वाचेपर्यंत.