भाऊची बाजू

कूलरमधलं पाणी संपत आलं की त्याचा आवाज बदलतो. आधी भरल्या गळ्यानं घुमणारा तो कोरडा होत जातो, पत्र्यासारखा वाजायला लागतो. मी तो आवाज ऐकत पडले आहे. उठून पाणी टाकायला हवं, हे कळतं आहे, पण उठावंसं वाटत नाही. वर्षभर माझं असंच चाललं आहे. काय करायला हवं ते सगळं कळतं, पण फार लांबून कळतं.

अकोल्यातली मे महिन्यातली दुपार आहे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. जेवून मी बैठकीत चटईवर आडवी झाले आहे, डोळ्यांवर ओला नॅपकिन आहे. संध्याकाळी मला बोलायला जायचं आहे.

कुठे, ते सांगते. आमच्या गावात दर उन्हाळ्यात एक व्याख्यानमाला होते आणि तिच्या शेवटच्या दिवशी वादसभा असते. विषय दर वर्षी थोडा फिरवून तोच: तापमानवाढीचा धोका खरा, की फुगवून सांगितलेला? खरा आहे म्हणणारी मी, हेमलता पातूरकर, कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेली. फुगवलेला आहे म्हणणारा माझा सख्खा थोरला भाऊ, ॲडव्होकेट मधुसूदन. लोक विषयासाठी कमी आणि बहीणभावाचं भांडण ऐकायला जास्त यायचे. भाऊ नुसता उभा राहिला तरी हशा तयार असायचा. "अकोलेकरांनो," तो म्हणायचा, "ही माझी बहीण तुम्हाला उन्हाची भीती घालून राहिली. अकोल्याला! माशाला पाण्याची भीती घालावी तशी." टाळ्या पडायच्या. मग मी माझे तक्ते घेऊन उभी राहायचे, आणि माझ्या वाट्याच्या टाळ्या जरा पातळच असायच्या.

मागच्या मे महिन्यात, सभेच्या काही दिवस आधी, भाऊ एका लग्नाला गेला. भर दुपारचा मुहूर्त होता. मंडपात बसला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत खुर्चीतून घसरला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. उन्हामुळे का, असं मी विचारलं. "असेलही," ते म्हणाले, "नक्की नाही सांगता येत." त्या वर्षी सभा झाली नाही.

आज सकाळी व्याख्यानमाला समितीचे सचिव अंभोरे घरी आले होते. माणूस चांगला आहे, भाऊवर त्यांचा जीव होता. खुर्चीच्या काठावर बसून म्हणाले, "मॅडम, यंदा भाऊसाहेबांचंच उदाहरण द्या. धोका नाही म्हणणारा माणूस उन्हानंच गेला. याच्यापुढे कोण काय बोलणार? सभा तिथंच संपते." मी त्यांना सरबत दिलं. बघते, म्हटलं. ते गेल्यावर शोभावहिनीला फोन केला. ती म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, हेमाताई. मला नका विचारू." तिचा आवाजही माझ्यासारखाच झाला आहे, भिंतीपलीकडून आल्यासारखा.

नॅपकिन वाळला आहे. पापण्यांच्या आत लाल उजेड आहे. कूलरची खडखड एकदा जवळ येते, एकदा लांब जाते.

"पाणी टाक ना त्याच्यात," भाऊ म्हणतो.

तो माझ्या पायांशी वेताच्या खुर्चीवर बसला आहे. अंगात कोर्टाचा काळा कोट आहे, गळ्याशी पांढरे बँड आहेत, पाय मात्र अनवाणी. मला आश्चर्य वाटत नाही. तो गेला आहे हे मला माहीत आहे आणि तो बसला आहे हे मला दिसतं आहे. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यासारख्या आहेत, एकीचा दुसरीला धक्का नाही.

"तूच टाक," मी म्हणते.

"माझ्यानं बादली उचलत नाही आता."

"कोट तरी काढ. मरशील अशानं."

तो हसतो. मीही हसायला हवं, असं मला वाटतं.

"संध्याकाळी काय बोलून राहिली?"

"ठरलं नाही."

"अंभोरे येऊन गेला ना?"

"तुला कसं माहीत?"

"तुझ्या झोपेत बसलोय बाप्पा. तुला माहीत आहे ते मला माहीत आहे. त्याच्याबाहेरचं काही विचारू नकोस."

मी उठून बसते तर खाली चटई नाही. आम्ही जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यात आहोत. हा व्हरांडा मी अनेकदा पाहिला आहे, भाऊचा डबा घेऊन इथे आले आहे. पण तो आता संपतच नाही. भिंतीलगतच्या बाकांवर माणसं बसली आहेत, बाया, म्हातारे, रस्त्याच्या कामावरचे मजूर. सगळ्यांनी डोक्याला आणि तोंडाला पांढरे दुपट्टे गुंडाळले आहेत, उन्हात निघताना इथे सगळेच गुंडाळतात तसे. फक्त या दुपट्ट्यांना डोळ्यांसाठी फट ठेवलेली नाही. कुणी खोकत नाही, कुणी तंबाखू मळत नाही.

"हे कोण?"

"तारखेला आलेत."

"कुणाविरुद्ध?"

भाऊ खांदे उडवतो. "उन्हाविरुद्ध म्हणतात. समन्स कुठे बजावायचं, ते कुणाला माहीत नाही."

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी आहे. न्यायाधीशाची खुर्ची रिकामी आहे. वर पंखा फिरतो आहे आणि वारा खाली येत नाही. भाऊ समोर उभा आहे, मान तिरकी करून. उलटतपासणी घेताना तो अशीच मान करायचा.

"साक्षीदार, मयत मधुसूदन मेला तेव्हा तुम्ही तिथे हजर होता?"

"नाही."

"तो कशानं मेला?"

"हृदय बंद पडलं."

"ते तर प्रत्येकाचंच बंद पडतं. त्याशिवाय मरता येत नाही. कशानं?"

"उन्हानं असेल."

"असेल?"

"असेल."

"आणि सभेत काय सांगणार? असेल, की आहे?"

मी लाकडी कठड्यावर हात ठेवते. कठडा मऊ लागतो, भिजलेल्या भाकरीसारखा.

भाऊ आवाज खाली आणतो. "एका वर्षी जानेवारीत कडाक्याची थंडी पडली होती. त्या उन्हाळ्यात मी सभेत म्हटलं, लोकहो, जानेवारीत शेकोटीपाशी बसला होतात ना, मग सांगा, कुठे आहे ती तापमानवाढ? तेव्हा तू काय म्हणालीस?"

"एका थंडीवरून काही सिद्ध होत नाही."

"बरोबर. त्या दिवशी तू मला पकडलं होतंस. टाळ्या मला पडल्या, पण पकडलं होतंस." तो जवळ येतो. "एका थंडीवरून होत नाही. मग एका भावावरून होतं?"

मी धरणाच्या भिंतीवर बसले आहे, पाय खाली सोडून. भाऊ शेजारी आहे. लहानपणी बाबा आम्हाला इथे सहलीला आणायचे तेव्हा तळ्याला दुसरा काठच नाही असं वाटायचं. आता खाली भेगाळलेला चिखल आहे, आणि त्या कोरड्या चिखलात एक माणूस होडीत बसून वल्हवतो आहे. वल्हं जमिनीला घासतं, आवाज होतो, होडी हलत नाही. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसतो. बराच वेळ जातो, किंवा जात नाही.

"भाऊ, तू खरंच मानत होतास का? की नुसता टाळ्यांसाठी बोलायचास?"

"मानत होतो." त्याला राग आलेला नाही. "आई आठवते? आभाळ गडगडलं की आपल्याला पलंगाखाली बसवायची. साथ आली, पलंगाखाली. युद्धाचा भोंगा वाजला, पलंगाखाली. तिची भीती खोटी नव्हती गं, पण आपलं अर्धं बालपण फरशीवर गेलं. मला माणसं पलंगाखाली बसलेली बघवत नाहीत. घाबरलेला माणूस काही करत नाही, हेमे. दार लावून घेतो."

"आणि न घाबरलेला?"

"न घाबरलेला जगतो."

"न घाबरलेला भर दुपारी लग्नाला जातो."

माझ्या तोंडून निघून गेलं आहे. होडीतला माणूस वल्हं मांडीवर आडवं ठेवतो आणि वाट बघतो.

"हा टोला बरा होता," भाऊ शेवटी म्हणतो. "सभेत वापरू नकोस. पण बरा होता."

होडी नाही, भिंत नाही. वर लाल-पिवळं कापड आहे आणि त्यातून ऊन गाळून खाली सांडतं आहे. लग्नाचा मंडप. वाजंत्रीवाले गाल फुगवून वाजवताहेत, पण ऐकू काहीच येत नाही. खुर्च्यांवर ती व्हरांड्यातली माणसं येऊन बसली आहेत, तशीच दुपट्टे गुंडाळून. तिसऱ्या ओळीत एकाच माणसाचं डोकं उघडं आहे. मी ती मान ओळखते. मानेवरचे पांढरे केस नुकते कापलेले आहेत.

"बघायचं असेल तर पुढे जा," माझ्या शेजारचा भाऊ म्हणतो.

"काय दिसेल?"

"एक माणूस बसलाय. त्यानं पाणी मागितलंय. पाणी घेऊन कुणीतरी निघालंय."

मी जात नाही. माझ्या आत काही हलतं का, ते बघते, अंधारात उशाशी चष्मा चाचपावा तसं. हाताला काही लागत नाही.

"उन्हानंच का, सांग ना भाऊ."

"मलाच ठाऊक नाही गं. मी जिलबीकडे बघत होतो."

वाजंत्रीवाला तोंडावरची सनई काढून घाम पुसतो आणि पुन्हा लावतो.

"वाईट वाटतंय?" भाऊ विचारतो.

"नाही. काहीच वाटत नाही."

"वाटेल."

"कधी?"

"मी काय सांगू? पुढचं सांगणं तुझं काम."

तो कोटाचा खिसा चाचपतो. मला वाटतं, रुमाल काढतो आहे. पण त्याच्या हातात लहानसा लाल कांदा आहे.

"हे काय?"

भाऊ ओशाळतो. माझ्या भावाला मी पहिल्यांदाच ओशाळलेला बघते आहे. "शोभा टाकते खिशात, उन्हाळाभर. ऊन लागू नये म्हणून. न्यायाधीशांना वास येतो, पण बोलत नाहीत."

"म्हणजे उन्हाला भीत होतास तू!"

"उन्हाला कोण नाकारतं, हेमे? उन्हात तर जन्म गेला. मी तू सांगायचीस ते पुढचं नाकारत होतो. नातवंडांच्या वेळी असं होईल, त्यांच्या नातवंडांच्या वेळी तसं होईल. मला ते पटायचं नाही. आता मला पुढचंच उरलं नाही, त्यामुळे पटण्या-न पटण्याचा प्रश्न मिटला." तो खुर्च्यांवरच्या माणसांकडे बघतो. "यांचा मिटलेला नाही. यांच्याबद्दल बोल. हे खूप आहेत, एकटा मी नाही."

"आणि तुझी बाजू?"

"माझी बाजू होती तशी सांग. वाकडी करून सांगू नकोस, मी मेलो म्हणून गोड करूनही नको. नीट उभी कर आणि मग पाड. कुठून पाडायची, ते तुला ठाऊक आहे."

तो माझा हात हातात घेतो, तळव्यावर कांदा ठेवतो आणि माझी बोटं एकेक करून मिटवतो. त्याचा हात गरम नाही, गारही नाही. तिसऱ्या ओळीपाशी पाण्याचा ग्लास पोचला आहे. मंडपाच्या टोकाला कुणीतरी घंटी वाजवतं, पुन्हा पुन्हा वाजवतं.

फोन वाजतो आहे.

मी डोळ्यांवरचा नॅपकिन डाव्या हातानं बाजूला करते. बैठक आहे तशीच आहे. वेताची खुर्ची रिकामी आहे. वीज गेली आहे, कूलर बंद पडला आहे. मान घामानं चिकटली आहे. फोन चटईच्या कडेला आहे, तो उचलते.

"मॅडम, झोपमोड तर नाही केली?" अंभोरे. "लोक येणार आहेत बरं का आज, खुर्च्या जास्तीच्या मागवल्यात. तेवढं भाऊसाहेबांचं घेताय ना?"

"नाही."

"नाही?"

"ते उन्हानं गेले असं मी सांगणार नाही, अंभोरे. मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नव्हतं."

"पण मॅडम, लोकांच्या मनाला भिडलं असतं."

"भिडलं असतं. विरुद्ध बाजूनं कोण आहे आज?"

"खरं सांगू? कुणी तयारच होत नाही. भाऊसाहेबांनंतर त्या खुर्चीवर बसायला लोक बिचकतात. म्हणूनच म्हटलं, तुम्ही एकट्याच बोला, त्यांचं उदाहरण द्या आणि संपवा."

"मग त्यांच्या बाजूनं आधी मी बोलते," मी म्हणते. "ते जसं बोलायचे तसं, काही न वगळता. त्यानंतर त्याला उत्तर देते. दोन्ही मीच."

"दोन्ही तुम्हीच?"

"वेळ थोडा जास्त लागेल."

"लोक हसतील मॅडम, भाऊसाहेबांची वाक्यं ऐकून."

"हसू देत. हसण्यासारखीच होती."

ते बरं म्हणतात. त्यांच्या आवाजावरून त्यांना पटलं की नाही, ते कळत नाही. मी फोन खाली ठेवते. मग लक्षात येतं की बोलताना सगळा वेळ माझी उजवी मूठ मिटलेलीच होती. बोटं आखडली आहेत, एकेक करून सोडवावी लागतात.

तळव्यावर कांद्याचं सालपट आहे. पातळ, लालसर, आरपार दिसणारं, घामानं चिकटलेलं. दुपारी मी नुसता दहीभात खाल्ला. घरात कांदा आठवडाभर आणलेला नाही.

मी ते काढत नाही. बघत बसते. सालपटाची एक कड सुटून मनगटावर आली आहे आणि ती बारीकशी हलते आहे, थांबते, पुन्हा हलते. खोलीत वारा नाही. माझ्याच नाडीनं हलत असावी.